आमचं पाणी कुठवर जातं

सांगलीकराला समुद्र तसा लांब नाही. पहाटे निघालं आणि आंबा घाट उतरला, की दुपारच्या जेवणाला माणूस रत्नागिरीत पोचतो. पण आमची कृष्णा त्या समुद्राला जात नाही. महाबळेश्वरला ती उगम पावते तिथून अरबी समुद्र जेमतेम ६४ किलोमीटर. तिकडं पाठ करून ती वाई, कऱ्हाड, सांगली करत निघते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून पार पूर्वेच्या समुद्राला मिळते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं. 'कृष्णा नदी बंगालच्या उपसागराला मिळते' हे वाक्य किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल त्याला गणती नाही. मिळते म्हणजे नेमकी कुठं, तिथं काय दिसतं, हे कधी कुण्या पोरानं विचारलं नाही आणि मलाही कधी सुचलं नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये तीच नदी आमच्या स्वयंपाकघरात आली. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तळमजल्यावरचं आमचं घर पंख्याच्या पात्यापर्यंत बुडालं. आम्ही मिरजेला नणंदेकडं होतो. नवव्या दिवशी परत आलो आणि दार ढकललं तर दार हलेना, आतून गाळ साचला होता. तो गाळ मी कधीच विसरणार नाही. काळसर, लोण्यासारखा मऊ, बोटांत धरला तर खर लागत नाही असा. कुकरच्या शिट्टीत तो होता, शिवणयंत्राच्या चाकात होता, देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाच्या मुठीत होता. आठ दिवस आम्ही दोघं खोऱ्यानं तो उपसत होतो. एका दुपारी खोरं भिंतीला टेकवून हे म्हणाले, "एवढं पाणी जातं तरी कुठं? एकदा बघून यायला पाहिजे."

त्या क्षणी मला ते बोलणं बरं वाटलं नाही. घर उघडं पडलेलं, आणि ह्यांच्या मनात प्रवास. पण ते वाक्य डोक्यात राहिलं, माझ्याही.

हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर २०२२ साली त्यांनी एका केटरिंगवाल्याकडून नऊ वर्षं जुनी पेट्रोल व्हॅन घेतली. दोन महिने इंजिन, क्लच, ब्रेक सगळं स्वतःच्या हातानं केलं. मग म्हणाले, हिच्यातच झोपायचं. मला लॉजवर राहायला नको वाटतं, त्याची कारणं आहेत. माझे गुडघे दुखतात, जिने झेपत नाहीत. ह्यांना साखर आहे, जेवण वेळेवर लागतं आणि रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. आपलं अंथरूण, आपली चूल आणि आपली मोरी बरोबर असेल तर आमच्यासारख्या माणसांना लांबचा प्रवास जमतो, हे त्या गाडीनं मला शिकवलं. चाळिशीतली माणसं हौस म्हणून करतात ते आम्ही गरज म्हणून केलं.

गाडी तयार करताना पहिली गोष्ट आम्ही केली ती म्हणजे आरटीओत जाऊन विचारलं. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२. गाडीच्या ढाच्यात, सीटांच्या संख्येत, इंजिनात बदल करायचा तर आधी परवानगी, आणि तो बदल आरसी बुकावर चढवायचा. न विचारता सीटा उपटून कायमचा पलंग ठोकला तर उद्या अपघात झाल्यावर विमा कंपनी हात वर करू शकते. म्हणून आम्ही सीट काढलीच नाही. पाठ आडवी पाडायची आणि तिच्यावर सुट्या फळ्या टाकायच्या. सगळं सामान सुटं, पट्ट्यांनी आवळलेलं. घरी आलो की तासाभरात गाडी पुन्हा होती तशी.

प्लायवूडचा ताव आठ बाय चारचा मिळतो. त्यातला सहा बाय चार पलंगाला आणि उरलेला दोन बाय चार स्वयंपाकाच्या फळीला, असा हिशेब बसला. मरीन प्लायच घेतला, कारण समुद्राची हवा साधा प्लाय फुगवते. सुतारानं पहिल्यांदा पलंग वीस इंच उंच केला, खाली पेट्या ठेवायला जागा मिळावी म्हणून. त्यावर बसलं की मान वाकवावी लागायची, डोकं छताला. मी म्हटलं, आम्हाला नुसतं झोपायचं नाही, बसायचंही आहे, पाऊस आला तर दिवसभर. सहा इंच कापून चौदावर आणला. कापसाची गादी दमट हवेत ओली होते आणि वाळत नाही, म्हणून तीन इंची फोम, वर माझ्या आईनं शिवलेली वाकळ.

विजेचं गणित ह्यांनी मांडलं. शंभर ॲम्पिअर-तासाची वेगळी बॅटरी, सीलबंद, कारण साध्या इन्व्हर्टर बॅटरीतून चार्ज होताना वायू सुटतो आणि आपण तिच्या शेजारीच झोपणार. बारा व्होल्टचा वीस वॅटचा पंखा, दोन छोटे दिवे, मोबाइल. रात्रभराला दोनशे वॅट-तास पुरतात. शंभर वॅटचं सौर पॅनेल गाडी थांबली की बाहेर काढून उन्हाकडं तोंड करून ठेवायचं. वीस-वीस लिटरचे तीन पाण्याचे कॅन. पाच किलोचा छोटा सिलिंडर आणि एक शेगडी. शेगडी मागचं दार उघडून बाहेरच पेटवायची, बंद गाडीत कधीही नाही, कितीही वारा असो. बंद जागेत ज्वाळा जळली की विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला कळत नाही. वाऱ्याला आडोसा म्हणून ह्यांनी तेलाच्या डब्याचा पत्रा तीन ठिकाणी वाकवून दिला.

आणि मोरी. याबद्दल कुणी बोलत नाही, पण बायकांचा प्रवास याच्यावरच अडतो, म्हणून सांगते. घडीची कमोडची खुर्ची, तिला जाड पिशवी, आणि सुताराकडचा लाकडाचा भुसा डबाभर. भुसा टाकला की वास येत नाही. दिवसा पेट्रोल पंपावर, रात्री गाडीत पडदा ओढून. सगळे मिळून ४१,००० रुपये खर्च आला, त्यातले हे साडेचारशे सर्वांत सत्कारणी लागले.

पहिली रात्र आम्ही जवळच काढली, रत्नागिरीजवळ आरे-वारेच्या बाजूला, एका ओळखीच्या माणसाच्या वाडीत. तीन चुका झाल्या. भीतीनं सगळ्या काचा बंद केल्या, पहाटे आतून पत्र्याला घाम फुटून थेंब अंगावर पडायला लागले. दोन माणसांच्या श्वासातलं पाणी किती असतं ते तेव्हा कळलं. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या काचा दोन बोटं उघड्या आणि त्यांना मच्छरजाळी, चुंबकाच्या पट्टीनं चिकटवलेली. दुसरी चूक, ह्यांनी दिवा गाडीच्या मूळ बॅटरीवर जोडला होता, सकाळी गाडी सुरू होईना. तिसरी, जागा उताराची होती. रात्रभर रक्त डोक्यात उतरल्यासारखं झालं. तेव्हापासून गाडी उभी केली की मी पलंगावर पाण्यानं भरलेली वाटी ठेवते. पाणी ज्या बाजूला चढेल त्या चाकाखाली वीट. हे खाली, मी वर, "अजून जरा… बास." रोज संध्याकाळी आमचं हे चालायचं.

२०२४ ची वसंत पंचमी १४ फेब्रुवारीला होती. आदल्या दिवशी सकाळी हरिपूरला संगमेश्वराला हात जोडून आम्ही निघालो. तिथं वारणा कृष्णेला मिळते. बरोबर भडंगाचा डबा, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ पाच किलो.

माझं माहेर जत तालुक्यातलं, सीमेवरचं. कन्नड मी लहानपणी अंगणातच शिकले. त्यामुळं अथणी, विजापूर, आलमट्टी, कूडलसंगम हा भाग मला परका वाटला नाही. आलमट्टीच्या धरणाच्या काठावर मात्र आम्ही दोघं बराच वेळ गप्प उभे राहिलो. पावसाळ्यात आमच्या गल्लीत माणसं एकमेकांना भेटली की "आलमट्टीत किती पाणी?" हेच विचारतात. तिथं पाणी अडलं की पूर आमच्याकडं तुंबेल ही भीती, म्हणून त्या नावाला सांगलीत वजन आहे. इथं ते नुसतं निळं, शांत पाणी होतं, दृष्टी जाईल तिथवर, आणि काठावर पोरं चेंडू खेळत होती.

कूडलसंगमला मलप्रभा येऊन मिळते, बसवेश्वरांची ऐक्यभूमी. तिथं देवस्थानच्या वाहनतळावर रखवालदाराला विचारून झोपलो. विचारून झोपायचं हा आमचा नियम. उजेड असेपर्यंत पोचायचं, जो कोणी तिथं जबाबदार दिसेल त्याला सांगायचं की आम्ही नवरा-बायको आहोत, सांगलीहून आलो आहोत, रात्री इथं झोपू का. अकरा ठिकाणी विचारलं, दोन ठिकाणी नाही म्हणाले, तिथून मुकाट निघालो. रायचूर, कर्नूल, श्रीशैलम. श्रीशैलमला नल्लमलाच्या जंगलातला रस्ता रात्री बंद असतो, तो हिशेब धरूनच घाट चढावा. मल्लिकार्जुनाचं दर्शन झालं, पाताळगंगेच्या पायऱ्या माझ्या गुडघ्यांना झेपल्या नाहीत, वरूनच नमस्कार केला. नागार्जुनसागरला एक मुक्काम.

कर्नूलपासून कन्नड संपलं होतं, पण पाट्या अडल्या नाहीत. कन्नड आणि तेलुगू अक्षरं सख्ख्या बहिणींसारखी आहेत. अर्थ कळायचा नाही, पण गावाचं नाव वाचता यायचं, आणि रस्त्यावर तेवढं पुरतं.

विजयवाड्याला प्रकाशम बॅरेजवर, म्हणजे दारं लावून नदी अडवणाऱ्या पुलावर, पहिल्यांदा मनात चुकचुकलं. पुलाच्या वरच्या अंगाला कृष्णा काठोकाठ भरलेली, आपल्या कोयनेच्या जलाशयासारखी. खालच्या अंगाला वाळू. पांढरी, सपाट, लांबच लांब वाळू आणि मधूनमधून डबकी. नदीचं पाणी दोन्ही बाजूंच्या कालव्यांत वळवलेलं. पुढं अवनिगड्डाकडं जाताना ते पाणी दिसत राहिलं, भाताच्या खाचरांत आणि मळ्यांना जाणाऱ्या पाटांत. हे म्हणाले, "म्हणजे आपलं पाणी भातात जातंय. चांगलंच आहे की." मी काही बोलले नाही. मला नदी समुद्राला मिळताना बघायची होती, आणि नदी मागंच राहिली होती.

अवनिगड्ड्याच्या खाली जो मुलूख आहे त्याला दिविसीमा म्हणतात. पुलिगड्ड्याजवळ कृष्णेचे फाटे फुटतात आणि त्यांच्या मधली ती सपाट जमीन. टेकडी नाही, दगड नाही. ताडाची झाडं आणि आभाळ. संध्याकाळचे साडेचार झाले होते. समुद्राच्या बाजूला एक कच्चा रस्ता सुरूच्या बनात शिरताना दिसला, आणि ह्यांना वाटलं पलीकडं थांबायला जागा असेल. समुद्राच्या वाळूत आम्ही गाडी कधीच घालत नाही. त्याला बंदी असते आणि ती असायलाच पाहिजे. जानेवारी ते मार्च या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आमच्याकडं वेळासला येतात तीच. पण हा रस्ता बनातला होता, वर सुरूच्या काड्यांचा तपकिरी थर, घट्ट जमीन वाटावी असा. दीडशे पावलांवर मागची चाकं बसली.

ह्यांनी लगेच पाय काढला. वाळूत अडकल्यावर माणूस रेस देतो आणि चाक स्वतःचीच विहीर खणतं. तरी तोवर मागचा आस वाळूला टेकला होता. खाली उतरून मी हातानं वाळू काढायला लागले, तर वरून आणखी घसरायची, साखरेसारखी. आजूबाजूला कुणी नाही, फक्त सुरूतून वारा. तो आवाज कोकणातल्यासारखाच. मला एकदम रडू आलं. आम्ही दोघं साठीच्या पुढचे, घरापासून हजार किलोमीटरवर, बोली येत नाही, अंधार पडायला तास.

पंधरा-वीस मिनिटांनी दोन बायका डोक्यावर काटक्यांचे भारे घेऊन आल्या. मी झाडाकडं बोट करून म्हटलं, "सुरू, सुरू…" आणि गाडीकडं हात केला. त्यांतली थोरली हसली आणि झाडाला हात लावून म्हणाली, "सरुगुडु." आमचं सुरू ते त्यांचं सरुगुडु. भारा तिथंच टाकून ती वस्तीकडं गेली आणि येताना पाच पुरुष आणि सात-आठ पोरं घेऊन आली.

पुढचा तासभर मी पाहिलेलं सगळं तसंच्या तसं डोळ्यांसमोर आहे. आधी गाडी हलकी केली. पाण्याचे कॅन, बॅटरी, पेट्या, सिलिंडर, सगळं वाळूवर काढलं, आमचा संसार लोकांसमोर मांडल्यासारखा. ह्यांनी चारही चाकांची हवा ३३ वरून १८ वर आणली. हवा कमी केली की टायर पसरतो आणि वजन जास्त वाळूवर वाटलं जातं. चाकांच्या पुढची वाळू उताराच्या नालीसारखी काढली. तिथं पोती घातली, एका चाकाखाली माझी स्वयंपाकाची फळी आणि दुसऱ्याखाली त्यांच्या होडीची एक जुनी फळी. दुसरा गिअर, क्लच हळूहळू, रेस नावाला. मागून सगळ्यांचा "तोय्यंडी, तोय्यंडी" असा गलका. माझी फळी मोठ्यानं कडाडली आणि दोन तुकडे झाली, पण गाडी उचलली आणि घट्ट रस्त्याला लागेपर्यंत ह्यांनी ती थांबवली नाही. पोरं मागं पळत होती. हवा परत भरायला छोट्या कंप्रेसरला चाळीस मिनिटं लागली. पैसे देऊ केले तर थोरल्या बाईनं माझा हात मिटवला. मग मी भडंगाचा डबा उघडला. तेवढा पोरांनी संपवला.

त्या रात्री गाडी त्यांच्या अंगणात उभी राहिली. घरात एक नातू होता, हैदराबादेत कामाला असलेला, सुट्टीवर आलेला, हिंदी बोलणारा. त्याच्यामुळं सगळं उलगडलं. मी त्याला सांगितलं की आम्ही कृष्णा समुद्राला मिळते ते बघायला आलोय, ती आमच्या गावावरून येते. त्यानं ते आजीला तेलुगूत सांगितलं. आजी ऐंशीच्या घरातली, ओट्यावर बसून जाळं विणत होती. तिनं जाळं खाली ठेवलं.

मी सांगितलं, २०१९ साली ती आमच्या घरात आली होती. आणि न कळत उठून, हात उंच करून टाचा वर उचलल्या, पंखा होता तिथपर्यंत. आजीनं ते नीट बघितलं. मग तिनं अंगणातल्या ताडाच्या झाडाकडं बोट दाखवलं आणि बोट वर, वर, शेंड्याच्या जवळ नेलं. "उप्पेना," ती म्हणाली. नातवानं सांगितलं. १९ नोव्हेंबर १९७७. चक्रीवादळ आलं आणि समुद्र जमिनीवर चढला. या पट्ट्यातली दहा हजारांहून जास्त माणसं गेली. आजी झाडाला धरून वाचली. तिनं बोटं दाखवली, तीन. घरातली तीन. त्यात एक कडेवरचं होतं, हे तिनं हात पोटाशी धरून सांगितलं, त्याला नातवाची गरज लागली नाही. आमच्या घरातलं कुणी गेलं नव्हतं. शिवणयंत्र गेलं होतं, साड्या गेल्या होत्या, माझी डी.एड.ची गुणपत्रिका गेली होती. पुरानंतर पाच वर्षं मी त्या वस्तू मोजत आले होते. मी तिच्या शेजारी ओट्यावर जाऊन बसले. ती परत विणायला लागली, आणि बराच वेळ आम्ही तशाच बसलो.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत नातू आम्हाला हंसलदीवीला घेऊन गेला. तिथं वेणुगोपालस्वामींचं देऊळ आहे. तिथली कथा अशी, की लोकांची पापं धुऊन काळवंडलेली गंगा कावळ्याच्या रूपानं तीर्थं हिंडत होती, या संगमात बुडी मारली आणि ती हंस होऊन बाहेर आली. देवळापासून पुढं किनारा. आम्ही कोकणातली माणसं नाही, तरी समुद्र म्हटला की आमच्या मनात सूर्य त्यात बुडतो. इथं तो समुद्रातून वर आला. हे मला माहीत होतं, पूर्वेचा किनारा आहे, तेही फळ्यावर शिकवलंय. तरी पाण्याच्या कडेवर तो लाल ठिपका उमटला तेव्हा मी ह्यांचा दंड धरला.

संगमाच्या जागी मी नदी शोधत होते. एक रुंद, संथ पाणी आत वळलेलं दिसत होतं, आणि लाटा त्याच्यात आतल्या बाजूला जात होत्या. मी चव घेतली, खारट. नातू म्हणाला, "आंटी, अभी नदी नहीं है. अभी समुंदर ही ऊपर आता है." नदी येते ती पावसाळ्यात, बॅरेजची दारं उघडतात तेव्हा. ऑगस्ट, सप्टेंबर. तेव्हा समुद्राचं पाणी लांबवर तांबूस-काळं होतं. एरवी आलमट्टी, नारायणपूर, जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर, पुलिचिंतला, प्रकाशम, एवढ्या ठिकाणी अडून तिच्यात इथवर यायला फारसं काही उरत नाही.

मी खाली वाकून कडेचा गाळ बोटांत घेतला. काळसर, मऊ. अंगठ्यानं चोळला, खर लागली नाही. "हाच तो," मी म्हटलं. ह्यांनीही घेतला, चोळला, आणि मान हलवली. "आपला नसेल. आपला आलमट्टीतच खाली बसत असणार." मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, "पण त्या वर्षीचा आला असेल. त्या वर्षी सगळीकडची दारं उघडी होती."

एवढंच आम्ही बोललो. पण गाडीत बसल्यावरही ते माझ्या मनातून जाईना. आमच्या घरात शिरलं, आम्हाला आठ दिवस गाळ उपसायला लावला, ते पाणीच काय ते इथवर पोचलं होतं. जे आम्हाला सुखानं मिळतं, उसाला, नळाला, द्राक्षांना, ते पोचत नाही. समुद्राची नदीशी गाठ पडते ती आमच्या पुराच्या दिवसांत. एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलेल्या त्या वाक्यात हे कुठंच नव्हतं.

माघी पौर्णिमेला, २४ फेब्रुवारीला, तिथं संगमात स्नानाला मोठी गर्दी होते. आम्ही आधीच निघालो, पेनुमुडीच्या पुलावरून पलीकडं, बापटल्याजवळ सूर्यलंकेला. दोन रात्री. गाडी पक्क्या रस्त्यावर. तुटलेल्या फळीच्या दोन तुकड्यांना ह्यांनी खालून पट्टी मारली. पौर्णिमेच्या संध्याकाळी सूर्य मागं मावळला आणि समोर समुद्रातून चंद्र वर आला, मोठा, पिवळा. मी त्या उजेडात भाकरी थापल्या, वाऱ्यानं पीठ उडत होतं. तो समुद्र माझ्या आयुष्यातला सर्वांत सुंदर समुद्र आहे.

परतताना हैदराबादवरून सरळ आलो. जाऊन-येऊन २,३०० किलोमीटरच्या आसपास झाले, पेट्रोलला सतरा-अठरा हजार लागले. घरी आल्यावर पहिलं काम, गाडी खालून गोड्या पाण्यानं तीनदा धुणं. खारी हवा पत्रा खाते. कोपऱ्यातली वाळू मात्र आजही निघते.

त्या वर्षी जुलैच्या शेवटी आयर्विन पुलाजवळ पाणी चढायला लागलं. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ धोक्याची. आम्ही सामान माळ्यावर चढवलं. मी नातवाला फोन केला आणि हिंदीत सांगितलं, पाणी निघालंय, लक्ष ठेवा. तेव्हा आमच्या घरात आलं नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत बातम्यांत प्रकाशम बॅरेज दिसायला लागलं. ११ लाख क्युसेकच्या वर विसर्ग, आजवरचा सर्वांत मोठा. सगळी दारं उघडी. मी फोन लावत राहिले, लागेना. तिसऱ्या दिवशी तिकडूनच व्हिडिओ कॉल आला. आधी नातू दिसला, मग त्यानं फोन आजीकडं फिरवला. ती ओट्यावरच बसली होती. मी काही विचारायच्या आत तिनं उजवा हात खाली नेला आणि गुडघ्याला लावून दाखवला. मग तोच हात हलवून, नाही, त्याच्या वर नाही.